सोरला तुमचेवर

आमच्या घरात मला पंचनामा म्हणतात. आधार कार्डावर नाव करिश्मा गणू भोईर आहे, पण मी वही काढली की नयनकाका ओट्यावरूनच ओरडतो, "गप बसा रे सगले, पंचनामा आला." मला राग यायचा. पण राग आला तरी वही मिटायची नाही, हे मी समीक्षा मॅडमकडून शिकले होते.

लॉ कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मॅडमनी आम्हाला एका केसची हकिगत दहा मिनिटं सांगितली आणि टिपणं काढायला लावली. मग सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या. माझ्या वहीत एक वाक्य होतं, 'साक्षीदार खोटं बोलला.' मॅडमनी वर्गासमोर मला उभं केलं.

"मी असं म्हणाले?"

"हो मॅडम. म्हणजे, साधारण."

"मी म्हणाले, साक्षीदार आधी चार वाजता म्हणाला, नंतर पाच म्हणाला. खोटं हा शब्द तुझा आहे. माझ्या तोंडात तो कोणी घातला?"

वर्ग हसला. मी कोलशेतची, मराठी शाळेतून आलेली, आधीच अंग चोरून बसायचे. त्या दिवशी मला जमिनीत जावंसं वाटलं. मॅडमनी फळ्यावर एक उभी रेघ मारली. डावीकडे कानावर पडलं ते, उजवीकडे आपल्याला वाटलं ते. वर तारीख, वेळ, कोण कोण हजर. पानांना नंबर आधीच घालून ठेवायचे, म्हणजे नंतर पान फाडता येत नाही. "वकिलाची अर्धी वकिली या रेघेत आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची अर्धी फी मागण्यात."

बाकीच्या पोरांनी आठवडाभर रेघा मारल्या आणि सोडून दिल्या. मी चार वर्षं मारल्या. मी तशी हट्टी आहेच, शिवाय हसलेल्यांची तोंडं मी विसरत नाही. लेक्चर असो, साखरपुड्याची बोलणी असोत, सोसायटीवाल्यांशी काकाचं भांडण असो, मी डावीकडे अक्षरन् अक्षर उतरवायचे. माणूस खोकला तर खोकला लिहायचे. आणि आगरी बोललं तर आगरीच लिहायचे. शाळेत मी एकदा "काय झालं" च्या जागी "काय झाला" म्हणाले म्हणून बाईंनी ते माझ्याकडून पंचवीस वेळा सुधारून लिहून घेतलं होतं. तेव्हापासून बाहेर मी शुद्ध बोलते. वहीच्या डाव्या बाजूला मात्र आमची भाषा जशीच्या तशी यायची, कारण नियम म्हणजे नियम.

त्या वहीनेच मला ठाणे कोर्टासमोरच्या अॅडव्होकेट प्रफुल्ल कर्णिकांच्या ऑफिसात इंटर्नशिप टिकवून दिली. सर आमच्या घरचे वकील, बाबांच्या ओळखीने मला ठेवून घेतलेलं. पहिले दोन महिने मी फक्त फायलींची धूळ झटकत होते. मग एकदा सरांना तीन आठवड्यांपूर्वी समोरचा वकील नेमकं काय बोलला ते हवं होतं आणि कोणालाच आठवेना. मी वाचून दाखवलं, वेळेसकट. सर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "पोरी, हे सोनं आहे," ते म्हणाले. त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस तरंगत होते.

आता मूळ गोष्टीवर येते.

आजोबांच्या नावावर कोलशेतला रस्त्यालगत एक शेत होतं. आजोबा गेले आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली. माझे बाबा गणू, काका नयन आणि त्यांची बहीण लक्ष्मी, म्हणजे माझी आत्या. आत्या दिव्याला राहते. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलकडे. शेतावर टॉवर बांधायला बिल्डर आला तेव्हा त्याची एकच अट होती, तिघांपैकी जो कोणी बाहेर पडणार असेल त्याने लेखी बाहेर पडावं. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी बाबांनी आत्याला बोलावलं.

वही काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं. सवयीनेच काढली. पान नंबर एकशे बारा. सकाळी अकरा. हजर: बाबा, काका, आत्या, मी. आई आतबाहेर चहा देत होती, तेही लिहिलं. बाबांनी बिल्डरचा नकाशा पसरला, कुठे काय येणार ते दाखवलं. तळमजल्यावर दुकानांची रांग होती. कोपऱ्यातल्या गाळ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या करिश्माचा ऑफिस." मी ते डावीकडे लिहिलं. त्या गाळ्यावर माझी नजर जरा जास्त वेळ राहिली, ते लिहिलं नाही.

मग बाबा आत्याकडे वळले. "लक्ष्मे, तुजा काय ता सांग."

आत्या बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. शेवटी म्हणाली, "सोरला तुमचेवर." आणि उठली, तांब्यातलं पाणी प्यायली, चप्पल घालून निघून गेली. अकरा पंचवीस.

डावीकडे मी ते तसंच लिहिलं. सोरला तुमचेवर. उजवीकडे लिहिलं, 'आत्याने हक्क सोडला. संमती.'

ही चूक कोणी पुण्याच्या माणसाने केली असती तर मी त्याला माफ केलं असतं. आमच्यात 'झालं'चं 'झाला' होतं, 'केलं'चं 'केला' होतं आणि 'सोडलं'चं 'सोरला' होतं. हे मला दात येण्याआधीपासून माहीत आहे. आत्या म्हणाली होती, सोडलं तुमच्यावर. म्हणजे तुम्ही बघा, तुमच्या मनाला पटेल ते करा. पण उजवीकडे लिहिताना मी शाळेतल्या बाईंची विद्यार्थिनी झाले. सोरला म्हणजे सोडला. सोडला म्हणजे काहीतरी पुल्लिंगी सोडलं असणार. मग ते काय, तर हक्क. तो शब्द त्या दिवशी त्या ओट्यावर एकदाही कोणाच्या तोंडून निघाला नव्हता. तो मी घातला. का घातला, तेही सांगते. मला तो कोपऱ्यातला गाळा हवा होता. मी नकाशावर माझ्या नावाची पाटी वाचलेली होती. बाकी सगळं बहाणे आहेत.

ऑगस्टमध्ये शेताला पत्र्याचं कुंपण पडलं. बाबा आणि काकांनी बिल्डरला लिहून दिलं होतं की बहिणीने तोंडी हक्क सोडला आहे, आणि त्याने तेवढ्यावर भागवून घेतलं. आत्याला ते कुंपण बघून कळलं. तिने ठाणे कोर्टात वाटणीचा दावा लावला आणि काम थांबवायचा अर्ज केला. आमच्या घरी समन्स आलं त्या संध्याकाळी काकाने ताट भिंतीवर मारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी मला वही घेऊन आत बोलावलं. एकशे बारावं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि टेबलावर हात आपटला.

"झालं काम. कुटुंबातली तोंडी तडजोड कोर्ट मानतं, फक्त ती झाली हे दाखवावं लागतं. आणि इथे तर त्याच मिनिटाला लिहिलेलं टिपण आहे! लॉच्या विद्यार्थिनीचं. तुझं प्रतिज्ञापत्र जोडू."

"सर, उजवीकडचं माझं आहे. ती तसं बोललेली नाही."

"अगं, तुझं आहे म्हणूनच तर पाहिजे. तू तिथे होतीस, तू ऐकलंस, तुला तसं समजलं. तुझ्याच अक्षरात आहे. आता मला सांगू नकोस की तुला आगरी येत नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं. सरांनी पानाची झेरॉक्स काढून फायलीला लावली. वहीला हात लावायची सोय नव्हती. पान फाडावं तर नंबर माझ्याच अक्षरात, खाडाखोड करावी तर झेरॉक्स सरांकडे. चार वर्षं मी दुसऱ्यांना पळता येऊ नये म्हणून जी काळजी घेत होते, तिनेच मला कोपऱ्यात घातलं होतं.

घरी कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला मी तयार होते. पण घरातले सगळे एकदम गोड झाले. आई माझ्या ताटात कोळंबी आधी वाढायला लागली. काका मला पंचनामा म्हणायचं सोडून 'वकीलसाहेब' म्हणायला लागला. बाबा रोज सकाळी विचारायचे, "झाली का गं तयारी?" मी हो म्हणायचे नाही, नाहीही म्हणायचे नाही. माझ्या खोलीचं दार लावलं तरी बाहेर सगळे थांबलेत असं वाटायचं.

सुनावणी गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी मी ऑफिसात बरं नाही सांगून कळव्याला रिक्षा बदलत दिव्याला आत्याकडे गेले. जाताना मनात एकच होतं. तिने म्हणावं, हो गं, सोडलाच मी हक्क, आता जावयाच्या सांगण्यावरून फिरले. मग मी सुटले.

आत्या जिन्याखालच्या नळावरून पाइप लावून ड्रम भरत होती. तिच्याकडे पाणी दोन दिवसांनी आलेलं. मला बघून तिने काही विचारलं नाही, पाइप हातात दिला आणि म्हणाली, "धर. सांडू नको." मी धरला. तिसरा ड्रम भरेपर्यंत धरून ठेवला. तिच्याविरुद्ध सही करायला निघालेली मी, तिचं पाणी भरत होते.

वर गेल्यावर मी वही काढली.

"आत्या, त्या दिवशी तू काय बोललीस?"

"तू लिवलंस ना? वाच."

मी डावी बाजू वाचली. सोरला तुमचेवर. उजवी वाचायची हिंमत झाली नाही.

"बरोबर लिवलंस," ती म्हणाली. मग जरा पुढे सरकली. "कोनाला बोलली, ता लिवलंस का?"

मी परत पानाकडे बघितलं. तारीख होती, वेळ होती, हजर माणसं होती, चहासुद्धा होता. कोणाला, ते नव्हतं.

"बाबांना नि काकाला," मी म्हणाले. "तुमच्यावर म्हणजे दोघं भाऊ."

आत्या हसली, पण ते हसू खरं नव्हतं. "त्यांचेवर सोराला मी काय येरी हाय? गनू त्या नकाशातना डोकाच वर काढी नवता. नयनचा ध्यान मोबाईलमधी. मी तुजेकरं बगून बोलली. पोरगी वही घेऊन बसलीय, कायदा शिकलेली हाय, ती बगंल माजा काय ता. तुमचेवर म्हंजे तुजेवर पन सोरला. तू मान खाली घालून लिवीत होतीस, मंग तुना कसा दिसनार?"

एक बाई तिचं सगळं माझ्यावर सोपवत होती आणि मी तिच्याकडे न बघता ते बिनचूक लिहून घेत होते. समीक्षा मॅडमना मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. खरं तर त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी रेघ शिकवली होती, मान खाली घालायला नव्हती शिकवली.

"आता काय करशील?" आत्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मना पन नाय," ती म्हणाली आणि ड्रमवर झाकण घालायला उठली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता बाबा माझ्याबरोबर ऑफिसात आले. मी तिथे असताना ते कधी आले नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. सरांनी टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे ठेवलं. सहावं कलम असं होतं, 'वादीने सर्वांसमक्ष आपण आपला हक्क सोडला असे स्पष्ट शब्दांत सांगितले.'

"सर, स्पष्ट शब्दांत नाही. हक्क हा शब्द ती बोललीच नाही."

"करिश्मा, कोर्टाला भावार्थ लागतो."

"मग ती तीन शब्द बोलली ते... म्हणजे दोनच. ते दोन लिहा. भावार्थ जज लावतील."

सरांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "हे बघ, तू हुशार आहेस म्हणून सांगतो. तू माझ्या ऑफिसची आहेस. माझ्या अशिलाविरुद्ध बोललीस तर उद्या या आवारात तुला खुर्ची कोण देईल? पुढच्या वर्षी सनद काढशील. मग कोणाच्या दारात उभी राहशील?"

ते धमकी देत नव्हते. खरं सांगत होते. त्या आवारात सगळे सगळ्यांना ओळखतात. सरांचं दार माझ्यासाठी बंद झालं तर बाकीची दुपारपर्यंत बंद होणार होती.

मी बाबांकडे वळले. मला वाटलं, यांना सांगितलं तर कळेल. हा माणूस दुकानदाराने चुकून एक रुपया जास्त दिला तरी मला परत द्यायला पाठवायचा.

"बाबा, मी काल दिव्याला गेलेले. आत्या म्हणते, ती तुमच्याशी बोलतच नव्हती. माझ्याकडे बघून बोलली. माझ्यावर सोडलं तिने."

मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर खोटं आहे म्हणतील. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली.

"मना म्हायत हाय," ते म्हणाले. "मी बगीत होतो ना. तुजेकरं बगूनच बोलली ती."

"मग?"

"मंग काय मंग. म्हनून तर तुजी सही पायजे. मी नि नयन काय पन लिवून देव, ती कोर्टात भांडंल. पन खाली तुजा नाव बगितला, की ती घरी जाईल. दावा सोरंल. एक शब्द बोलनार नाय ती."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढी लाज त्यांना होती.

इतके दिवस मला वाटत होतं की बाबांना माझी वही हवी आहे. माझी अचूकता, माझी वेळ, माझे पान नंबर. त्यांना यातलं काहीच नको होतं. आत्याचा माझ्यावर जो विश्वास होता तो त्यांना हवा होता, आणि तो कुठे आहे हे त्यांना त्या रविवारीच, अकरा पंचवीसला दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं. माझा बाप माझ्यापेक्षा चांगलं बघणारा निघाला.

मला त्यांची भयंकर चीड आली. आणि त्याच वेळी त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले, आणि मला समजलं की मी इथून उठले तर मला जायला कोलशेतच्या त्या घराशिवाय दुसरी जागा नाही. सही केली तर आत्या संपली. नाही केली तर मी संपले. मधलं काही नव्हतं, मी रात्रंदिवस शोधून पाहिलं होतं.

मी टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि सरांच्या टेबलावरून एक कोरा घेतला.

"तो माझ्या ऑफिसचा कागद आहे," सर म्हणाले.

मी तो परत ठेवला आणि माझ्या बॅगेतून फुलस्केप काढला. लिहायला सुरुवात केली. मी, करिश्मा गणू भोईर, वय तेवीस, राहणार कोलशेत. माझ्यासमोर वादी आगरी बोलीत 'सोरला तुमचेवर' एवढंच बोलली. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ 'सोडलं तुमच्यावर' असा होतो. हक्क हा शब्द तिने उच्चारला नाही. 'हक्क सोडला, संमती' हे माझ्या वहीतलं वाक्य माझं आहे, तिचं नाही, आणि ते मी माझ्या फायद्यासाठी लिहिलं. हे बोलताना आपण माझ्याकडे बघत होतो, असं तिने काल मला सांगितलं; मी मान खाली घालून लिहीत होते, मी ते पाहिलं नाही. माझे वडील गणू भोईर यांनी ते पाहिलं, असं त्यांनी आज मला सांगितलं.

शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं. आत्याची केस त्याच्याशिवायही उभी राहिली असती. पण ते बोलले होते आणि मी ऐकलं होतं.

"हे तू समोरच्या वकिलाला देणार?" सरांनी विचारलं.

"हो सर. नोटरी खालीच आहे."

"वाच," बाबा म्हणाले.

मी वाचून दाखवलं. सगळं, त्यांच्या नावासकट. ते ऐकताना ते जराही हलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, लहानपणी तापात माझ्या कपाळाला हात लावून विचारायचे त्या आवाजात.

"मंग आता घरान कोनाचे तोंडाकरं बगून जेवशील?"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नजर वळवेपर्यंत बघितलं, आणि कागद घेऊन नोटरीकडे खाली गेले.